विंडोजचा फायरवॉल पुरतो का?

अरे घरच्या पीसीला विंडोजचा स्वतःचा फायरवॉल (नेटवरून येणारं-जाणारं तपासणारा वॉचमन) पुरतो, उगाच पैसे घालून वेगळा घेऊ नकोस. २००३ मध्ये ब्लास्टर नावाचा वर्म (आपोआप पसरणारा व्हायरस) आलेला, नुसतं नेटला जोडलं तरी मशीनला लागण व्हायची, तेव्हा विंडोज एक्सपीत फायरवॉल होता पण बंद असायचा, मग २००४ च्या सर्व्हिस पॅक २ या मोठ्या अपडेटपासून तो आपोआप चालू यायला लागला.

फक्त एक समजून घे, तो बाहेरून न विचारता आत येणारं अडवतो, पण आतून बाहेर जाणारं डिफॉल्टला सगळं सोडतो, म्हणजे तू स्वतःच क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर टाकलंस तर ते खुशाल डेटा बाहेर पाठवणार. चोराला आपणच चहाला बोलावल्यावर वॉचमन काय करेल? त्यासाठी विंडोजचाच डिफेंडर अँटीव्हायरस चालू ठेव, अपडेट टाळू नकोस.

आणि हो, स्टेशनच्या नाहीतर हॉटेलच्या वायफायला जोडताना नेटवर्क पब्लिकच (अनोळखी लोकांचं) ठेव, प्रायव्हेट (घरचं, भरवशाचं) नको. गेम टाकताना परवानगीची खिडकी येते ना, तिथं न वाचता अलाऊ दाबतात सगळे (मीपण दाबायचो), तिथं पब्लिकची टिक काढत जा.