छोट्या बेकरीसाठी सणवार आणि 'जागतिक अमुक दिवस' धरून पोस्ट कशा कराव्या?

तुम्ही विचारलं की नागपुरात छोटी बेकरी आहे, इन्स्टा अन् व्हॉट्सॲपवर रोज काय टाकावं सुचत नाही, तर नेटवरची 'आज कोणता दिवस' वाली यादी घेऊन वर्षभराच्या पोस्ट आधीच करून ठेवल्या तर चालेल का. मी इथल्या लहान दुकानदारांचंच हे काम करतो म्हणून सांगतो, यादी घ्या, पण त्यातले बहुतेक दिवस खोडून टाका. ठेवायचा फक्त तो दिवस, ज्या दिवशी तुमचं गिऱ्हाईक खरंच काहीतरी वेगळं करणार असतं आणि त्यात तुमच्या काउंटरवरचं काहीतरी लागतं. 'सर्वांना हार्दिक शुभेच्छा' अन् खाली तुमचा लोगो, अशा पोस्ट सकाळपासून प्रत्येकाच्या फोनमध्ये येऊन पडलेल्या असतात, लोक न पाहता पुढे सरकवतात.

आता आपला तान्हा पोळा घ्या, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा लहान पोरांचा सण. कुठल्याही रेडिमेड यादीत तो सापडणार नाही आणि नागपुरातल्या बेकरीसाठी माझ्या मते वर्षातला सगळ्यात भारी दिवस तोच. पोट्टे धोतर-फेटा घालून लाकडी बैल ओढत घरोघरी बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागायला जातात, सोसायट्यांमध्ये बैल सजावटीच्या स्पर्धा असतात, आणि प्रत्येक सोसायटीत कोणीतरी एक काकू असतातच ज्यांच्या डोक्याला ताप असतो की एवढ्या पोरांना वाटायचं काय. तुमची पोस्ट त्या काकूंसाठी पाहिजे. काउंटरवर लाकडी बैल ठेवा, बाजूला लाल दोऱ्यानं बांधलेला पुडा, त्यात चार नानकटाया अन् एक क्रीम रोल, मोबाईलनंच फोटो काढा, आणि खाली लिहा की एका पोराचा पुडा इतक्याला, पन्नासच्या वर लागत असतील तर दोन दिवस आधी सांगा, घरपोच देतो. बस. ही पोस्ट दहा-बारा दिवस आधी गेली पाहिजे, पोळ्याच्या दिवशी टाकून काही उपयोग नाही कारण तोवर काकूंनी कुठून तरी चॉकलेटं आणलेली असतात.

तान्ह्या पोळ्याच्याच दिवशी मारबत, म्हणजे इडापीडा घेऊन जाणाऱ्या मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक. काळी-पिवळी मारबत आणि बडगे (पुढाऱ्यांची, चालू घडामोडींची टर उडवणारे पुतळे) पाहायला जुन्या नागपुरातल्या इतवारी-महालात गर्दी लोटते अन् 'घेऊन जा गे मारबत' ही आरोळी इथल्या लहान पोरालाही पाठ असते. म्हणजे कॅप्शन तयारच आहे, गिऱ्हाईकाला विचारा की यंदा मारबतीनं काय घेऊन जावं, लोक आपापल्या गल्लीतले खड्डे, लाईट जाणं, सर्दी-खोकला, सगळं लिहितात आणि मनापासून लिहितात. फक्त पुढाऱ्यांवर तुम्ही स्वतः काही लिहू नका, ते काम बडगे करतात, दुकानात सगळ्या पक्षाची माणसं पाव घ्यायला येतात.

तारखांचं मात्र नीट पाहा. तिथीचे सण दरवर्षी हलतात आणि अधिक मास आला की चांगलेच पुढे जातात, 2025 मध्ये गणपती 27 ऑगस्टला बसले होते, 2026 मध्ये अधिक ज्येष्ठ असल्यामुळे 14 सप्टेंबर, आणि पोळा त्याच्या आधीच्या अमावस्येला म्हणजे तोही सप्टेंबरात. मागच्या वर्षीची शीट कॉपी केली तर सगळंच चुकणार, पंचांगाचं कॅलेंडर बाजूला घेऊनच बसा.

जागतिक दिवसांचं म्हणाल तर आधी नागपूरचं हवामान पाहा. संयुक्त राष्ट्रांचा चहा दिवस 21 मे ला असतो, तेव्हा इथे नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात तापलेले नऊ दिवस, दारात आलेला असतो, पारा पंचेचाळीसच्या आसपास, त्या दुपारी वाफाळत्या चहासोबत खारीचा फोटो कोण पाहून राहिलं? पण त्याआधी 2005 पासून भारतासारख्या चहा पिकवणाऱ्या देशांत हाच दिवस 15 डिसेंबरला पाळायचे, ती तारीख घ्या, तेव्हा आपल्याकडे थंडी असते अन् खारी-टोस्ट तसेही जास्त खपतात. तसंच पाय डे, म्हणजे गणितातल्या π चा दिवस. अमेरिकेत महिना आधी लिहितात म्हणून 14 मार्च म्हणजे 3.14, आपण लिहितो 14/3, त्यात कोणाला काही दिसत नाही. पण 22 जुलै पाहा, 22/7! शाळेत प्रत्येकानं पायची किंमत हीच घोकली आहे, आणि गणितवाले ही तारीखही पाय म्हणून पाळतात. तुमच्या जवळपास कोचिंग क्लास असतील तर गोल केकवर 22/7 लिहून काचेत ठेवा, पोरं स्वतःच फोटो काढून स्टेटसला लावतील, मला ही कल्पना फार आवडते.

काही दिवस मात्र धंद्याचे नाहीत. दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला लाखो माणसं येतात, 1956 च्या 14 ऑक्टोबरला बाबासाहेबांनी तिथे दीक्षा घेतली, त्या दिवशी 'वीस टक्के सूट' टाकणं मला अजिबात पटत नाही. दुकान त्या रस्त्यावर असेल तर पिण्याचं पाणी ठेवा, रात्री किती वाजेपर्यंत उघडं आहे अन् कोणता रस्ता बंद आहे ते सांगा, बाहेरगावच्या माणसाला तेच लागतं. 6 डिसेंबरलाही ऑफर नको.

आणि प्रत्येक गोष्टीला 'डे' लागत नाही. संत्र्याचे दोन बहार, म्हणजे पिकाचे दोन हंगाम आहेत, आंबिया थंडीत येतो, मृग फेब्रुवारी-मार्चकडे, म्हणजे संत्र्याच्या केकसाठी तुम्हाला वर्षातून दोनदा ताजं कारण मिळतं. कळमन्याच्या बाजारातून पेटी आली, सोलली, रस काढला, एवढा वीस सेकंदांचा व्हिडिओ पुरे.

श्रावणात एक काम आठवणीनं करा. एगलेस माल वेगळ्या ट्रेमध्ये, वेगळ्या वेळी भाजत असाल तर ते पोस्टच्या पहिल्याच ओळीत लिहा आणि भट्टीचा फोटो लावा, कारण त्या महिन्यात फोन करणारा बहुतेक प्रत्येक जण आधी हेच विचारतो. आणि गणपती-दिवाळीत गूगल मॅपवर सुट्टीचे तास बदलायला विसरू नका, बंद शटरसमोर येऊन परत गेलेलं गिऱ्हाईक तुमची पोस्ट पुन्हा उघडत नाही.