विचारा, सांगतो : न खेळलेल्या सामन्यांचे ३-०

प्रश्न : सामसुनस्पोर हा फुटबॉल संघ २०२४-२५ मध्ये तुर्कस्तानच्या सुपर लिगमध्ये, म्हणजे तिथल्या सर्वांत वरच्या लीगमध्ये, तिसरा आला, म्हणून आमच्या पेठेतल्या पोरांनी त्याचा मागचा इतिहास उकरला. २०२२-२३ मध्ये हा संघ दुसऱ्या श्रेणीत अव्वल होता. पण त्या मोसमाचा गुणतक्ता बघून डोकं चक्रावलं. येनी मालात्यास्पोर आणि अदानास्पोर यांचे शेवटचे सगळे सामने ०-३. तरी ते खाली उतरलेले नाहीत. उतरले देनिझलिस्पोर आणि आल्तनोर्दु! आमच्यात पैज लागली आहे. हे सेटिंग नाही तर काय? *(एक वाचक, कोल्हापूर)*

उत्तर : पैज हरलात, राव. सामन्यांच्या तारखा बघितल्या असत्या तर हा प्रश्नच पडला नसता. ६ फेब्रुवारी २०२३, पहाटे ४ वाजून १७ मिनिटं. कहरामानमाराशजवळ ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला आणि त्याच दुपारी ७.५ चा दुसरा. एकट्या तुर्कस्तानात पन्नास हजारांहून अधिक माणसं गेली. मालात्या त्याच पट्ट्यात येतं. आपल्याकडे डब्यातून विकायला येतात त्या तुर्की जर्दाळूंचं हे शहर. येनी मालात्यास्पोरचा गोलरक्षक अहमेत एयुप तुर्कआस्लान तिथे कोसळलेल्या इमारतीखाली सापडून गेला. वय अवघं २८.

पुढे लीग कशी चालवायची? काही आठवडे सगळंच थांबलं. मग ज्या क्लबांना खेळणं शक्य नव्हतं त्यांना माघार घेऊ दिली. दुसऱ्या श्रेणीतून येनी मालात्यास्पोर आणि अदानास्पोर बाहेर पडले, सुपर लिगमधून हातायस्पोर आणि गाझियानतेप. त्यांचे राहिलेले सामने प्रतिस्पर्ध्यांना ३-० ने बहाल झाले, आणि माघार घेणाऱ्याला खाली ढकलायचं नाही असंही ठरलं. तुम्हाला दिसलेले ०-३ ते हे.

आता तुमच्या मनातला पुढचा प्रश्न : मग त्यांचे सगळेच निकाल पुसून का नाही टाकले? माझी नोकरी क्रीडापानावर गुणतक्ते लावण्यात गेली, त्यामुळे यावर बोलायचा हक्क मला आहे असं मी समजतो. निकाल पुसले असते, तर ज्यांनी शरद ऋतूत मैदानात घाम गाळून या दोघांना हरवलं होतं त्यांचे गुण गेले असते आणि जे हरले होते ते फुकटात सुटले असते. ३-० मध्येही अन्याय आहेच. कुणी दुसऱ्या फेरीतला सामना भूकंपाआधीच खेळून बसलेला, कुणाला घरबसल्या तीन गुण आणि वर तीन गोलांची भर. पण दोन्हीत कमी वाईट हेच. शिवाय ही लीग मुळात १९ संघांची, म्हणजे दर आठवड्याला एक संघ सक्तीच्या सुट्टीवर. दोघे गेल्यावर सुट्ट्या आणखी वाढल्या. फेब्रुवारीनंतर संघ किती सलग खेळला हे आकडे सांगत नाहीत. सामसुनस्पोर पहिला आणि चायकुर रिझेस्पोर दुसरा येऊन थेट वर गेले. पेंदिकस्पोरने प्लेऑफच्या अंतिम सामन्यात बोद्रुमस्पोरला हरवून प्रथमच सुपर लिग गाठली.

आणि गंमत म्हणावी की दैव, अव्वल आलेल्या सामसुनलाही हा प्रकार नवा नव्हता. २० जानेवारी १९८९ रोजी सामसुनस्पोरची बस सामन्यासाठी निघाली होती, तीही मालात्यालाच (तेव्हाचा प्रतिस्पर्धी जुना मालात्यास्पोर, आजचा येनी मालात्यास्पोर हा वेगळा क्लब). हाव्झाजवळ अपघात झाला. प्रशिक्षक नुरी आसान आणि खेळाडू मुझाफ्फर बादालोग्लू व मेते आदानर गेले, बसचा चालकही गेला. युगोस्लाव्ह खेळाडू झोरान तोमिच बरेच महिने बेशुद्धावस्थेत राहून गेला. कर्णधार एमिन कारला अपंगत्व आलं. संघ उरलेला मोसम खेळू शकला नाही, तरी त्याला त्या वर्षी खाली उतरवलं नाही. क्लबचे रंग लाल-पांढरे होते, त्यात काळा आला तो तेव्हापासून. पोरांनी त्यांची जर्सी मागवलीच तर काळा पट्टा फॅशनचा नाही एवढं सांगा.

प्रश्न : सामसुनस्पोर २०२२-२३ मध्ये जिंकला ती लीग दुसऱ्या श्रेणीची, मग तिचं नाव '१. लिग' कशाला? *(हाच वाचक)*

उत्तर : कारण सर्वांत वरच्या लीगला आकडाच नाही, ती 'सुपर'. तिच्याखाली १, त्याखाली २. म्हणजे '२. लिग' ही तिसरी श्रेणी. सामसुनस्पोर २०२० पर्यंत तिथे होता.

प्रश्न : मालात्याला जागा राखून मिळाली म्हणता, मग आता ते कुठे आहेत? *(एक वाचक, पुणे)*

उत्तर : खाली. २०२३-२४ मध्ये ते खेळलेच नाहीत. २०२४-२५ मध्ये राखलेल्या जागेवर परतले, तेव्हा लीग २० संघांची केली होती. पण जागा मिळाली म्हणजे संघ मिळाला असं नव्हे. भूकंपाआधीच, २०२२ मध्ये, ते सुपर लिगमधून घसरले होते. थकलेली देणी, त्यापायी नवे खेळाडू नोंदवायला बंदी, मग अकादमीतली पोरं उतरवायची, ती मार खाणार, त्यात शिक्षा म्हणून गुणकपात. मोसमाअखेर खात्यात शून्याहूनही कमी गुण. हाच क्लब २०१९ च्या उन्हाळ्यात युरोपा लीगच्या पात्रता फेरीत पार्टिझान बेलग्रेडशी खेळला होता, यावर आज कुणाचा विश्वास बसणार नाही.

त्यांच्याबरोबर माघार घेतलेला अदानास्पोर एका वर्षात मैदानात परतला, पण २०२५ मध्ये तोही तिसऱ्या श्रेणीत गेला. मला विचाराल तर तुर्की फुटबॉल महासंघाने जागा राखली ते योग्यच केलं. पण त्याच वेळी या क्लबांच्या कर्जाकडे आणि खेळाडू-नोंदणीवरच्या बंदीकडेही बघायला हवं होतं. खेळाडूच नोंदवता येत नसतील तर राखलेल्या जागेचं करायचं काय? सामसुनचंही तेच झालं होतं. १९८९ मध्ये वाचला आणि पुढच्याच मोसमात खाली गेला.