चाळिशीनंतर एकट्या माणसाने कोणतं डेटिंग ॲप घ्यावं? (वय ४७, घटस्फोटित, मुलगी अकरावीत, ठाण्यात राहतो. टिंडर, बंबल की सरळ विवाह मंडळात नाव घालू?)

बंबल घ्या. पुढचं वाचायला वेळ नसेल तर इथेच थांबलात तरी चालेल.

विवाह मंडळाचं नाव काढलंत म्हणून मी लिहायला बसले, नाहीतर असे प्रश्न मी वाचून सोडून देते. माझे यजमान रेल्वेत होते, ते गेले. मुलगा नोकरीनिमित्त बंगळुरूला असतो. मी बँकेत अधिकारी आहे, लोकांची कर्जप्रकरणं त्रुटी काढून परत पाठवते. आणि वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी माझा परिचय लिहिला कोणी? माझ्या दादाने.

पुण्यात एका मंडळाचा पुनर्विवाह परिचय मेळावा होता. दादाने मला न विचारता नाव नोंदवलं, पैसे भरले आणि साताऱ्याहून वहिनीला घेऊन थेट हॉलवर हजर झाला. दारात छातीला नंबराचा बिल्ला लावला आणि हातात माझाच फॉर्म दिला. अक्षर दादाचं, ठसठशीत. वर्ण निमगोरा. स्वभाव शांत, सोशिक, घरगुती. मुलाची जबाबदारी नाही. आणि सगळ्यात खाली, शाईचा रंग वेगळा, म्हणजे नंतर आठवून लिहिलेलं: 'गरज पडल्यास नोकरी सोडण्याची तयारी.' कोणाची गरज, हे काही लिहिलं नव्हतं.

माझा नंबर आल्यावर मी माईक घेतला आणि सांगितलं, या कागदावरचं माझ्या भावाने लिहिलंय. मला लग्न करायचं नाही. सोबत हवी आहे. नाटकाला, दवाखान्यात, रविवारच्या जेवणाला. माझं घर माझं राहील, त्यांचं त्यांचं. निवेदन करणाऱ्या बाईंनी हसत हसत माईक काढून घेतला आणि पुढच्या उमेदवाराला बोलावलं. वहिनीने पदर सावरून दुसरीकडे तोंड केलं. जेवताना दादा एवढंच म्हणाला, "सोबत म्हणजे नेमकं काय?" आजतागायत तो तेच विचारतोय.

तर दादा, आणि तुम्हीही ऐका. रेल्वेचं कुटुंब निवृत्तिवेतन विधवेने पुन्हा लग्न केलं की तिचं बंद होतं. निपुत्रिक बाईला काही अटींवर सवलत आहे, मला मुलगा आहे. खाजगी नोकरीतल्या ईपीएस-९५ची, म्हणजे पीएफबरोबरच्या कर्मचारी पेन्शन योजनेची, विधवा पेन्शनसुद्धा पुनर्विवाहापर्यंतच मिळते. यजमानांनी आयुष्यभर ड्युट्या करून मागे ठेवलेलं उत्पन्न मी अक्षता टाकून घेण्यासाठी सोडू? दादा अब्रूचं बोलत होता, मी हिशेबाचं. ॲपवर निदान हा हिशेब मी माझ्या हाताने लिहू शकते, मधे कोणाची वहिनी नाही की आत्या नाही.

आता तुमचा प्रश्न. बंबल भारतात २०१८च्या अखेरीस आलं. तिथे जुळणी झाली की पहिलं पाऊल बाईने टाकायचं, तेही चोवीस तासांत, नाहीतर जुळणी रद्द, असा मूळ नियम; २०२४पासून बाईने आधीच ठेवलेल्या प्रश्नाला उत्तर देऊन पुरुषही सुरुवात करू शकतो. पुरुषांना हे जाचक वाटतं, आम्हाला सुटल्यासारखं वाटतं. टिंडरवर गर्दी पोरासोरांची. शिवाय टिंडरने २०१५मध्ये पैसे भरून घ्यायची जादा सेवा सुरू केली तेव्हा अमेरिकेत तिशीच्या वरच्यांना जास्त दर लावला होता. त्यावर कॅलिफोर्नियात खटला झाला आणि २०१८मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने ग्राहकाच्या बाजूने कौल दिला. तिशीच्या वरच्यांना! आपली तर गिनतीच नको. ग्लीडन विवाहितांच्या भानगडींसाठीच आहे, तिकडे फिरकू नका.

तसे विवाहित सगळीकडेच सापडतात. मी एकच परीक्षा ठेवली आहे: रविवारी सकाळी नऊ वाजता व्हिडिओ कॉल. मंगळवारी दुपारी दोन वाजता गोड बोलणाऱ्या कितीतरी माणसांच्या घरचं नेटवर्क नेमकं रविवारी सकाळी जातं. एकाने तर जिन्यात उभं राहून कॉल घेतला, मागून शेजारीण विचारतेय, "भावजी, वहिनी उठल्या का?" तुम्ही खरंच एकटे असाल तर स्वतःहूनच रविवारची वेळ सुचवा. बाईचा अर्धा संशय तिथेच मिटतो.

माहिती स्वतः लिहा, बहिणीकडून लिहून घेऊ नका. 'साधा सरळ माणूस' लिहू नका, सगळे तेच लिहितात. गॉगल लावून महाबळेश्वरच्या पॉइंटवर काढलेला फोटो तर नकोच. मुलगी तुमच्याजवळ राहते की आईजवळ, कायदेशीर घटस्फोट झालाय की केस चालू आहे, आणि लग्न हवंय की सोबत, हे पहिल्या चार ओळींत यायला हवं.

मी हल्ली ज्यांच्याबरोबर ठाण्याच्या गडकरी रंगायतनला नाटकं बघते ते बंबलवरच भेटले. डोंबिवलीचे आहेत. दादा त्यांना 'ते गृहस्थ' म्हणतो, नाव घेत नाही.

आता थोडं उलट बाजूनेही. तुम्हाला लग्नच करायचं असेल, आणि लवकर, तर मंडळात माणसं निदान त्या तयारीने आलेली असतात. माझा राग एका मेळाव्यावर आणि एका भावावर आहे, सगळ्या मंडळांवर नाही. पुण्यातच माधव दामले यांनी २०१२मध्ये ज्येष्ठांसाठी लिव्ह-इनचं मंडळ काढलं, म्हणजे माईकवर मी जे बोलले ते काही जगावेगळं नव्हतं. ॲप ठाण्या-पुण्यात चालतं, तालुक्याच्या गावी तीच ती ओळखीची तोंडं दिसतात. आणि न भेटताच कोणी पैसे मागितले, किंवा गुंतवणुकीच्या गोष्टी सुरू केल्या, की बोलणं तिथेच थांबवायचं. पैसे गेलेच तर लाजत बसू नका, लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा.

मुलीला मात्र आधी स्वतः सांगा. माझ्या मुलाला मी आधीच सांगून ठेवलं होतं, म्हणून वहिनीने माझ्या प्रोफाइलचा फोटो काढून त्याला पाठवला तेव्हा त्याने तिला एवढंच लिहिलं, "मामी, तुम्ही ॲपवर काय करताय?"