पोरगं साडेसहा फुटाच्या वर गेलंय, प्रोफेशनल खेळेल का?

"मॅडम, पोरगं सहा फूट सात इंच झालंय, अजून वाढायलंय, बास्केटबॉलमध्ये सेंटर खेळतो, म्हणजे रिंगखालची उंच माणसाची जागा, सगळे म्हणतात हा पुढं जाणार, तर बारावी सोडवून अकॅडमीत घालू का?"

फोनवर हा प्रश्न आला तेव्हा मे महिना होता आणि सोलापूरचा मे म्हणजे तुम्हाला माहितीचे, दुपारी रस्त्यावर कुत्रं पण दिसत नाही. मी समुपदेशक, हाच प्रश्न थोडाफार शब्द बदलून मला वर्षात तीन-चार घरातून तरी येतो, पोरगं उंच झालं की घरच्यांना आनंद आणि टेन्शन दोन्ही एकदमच येतं. म्हणून ही एक केस सविस्तर लिहिते. घरच्यांना विचारून लिहितीय, ओळख पटेल अशा गोष्टी बदलल्यात.

सोलापूरच्या पूर्वभागातलं घर, घरात तेलुगू, बाहेर मराठी. वडील टॉवेलच्या कारखान्यात, आई विड्या वळते. सोबत मामा आलेले, आणि खरं सांगायचं तर फोन मामांनीच केला होता. पोरगा सगळ्यात शेवटी आत आला आणि दारातून येताना वाकला. माझ्या केबिनचं दार जुन्या वाड्याचं आहे, चांगलं उंच, त्याला वाकायची गरजच नव्हती, पण सवय. खुर्चीत बसला तर गुडघे टेबलाला लागले म्हणून तिरका बसला. अम्मा म्हणाली, गड्ड्याच्या जत्रेच्या गर्दीत याची हरवायची भीती नाही मॅडम, लांबून डोकं दिसतं. सगळे हसले, तो नाही हसला. मी ते तेवढं मनात टिपून ठेवलं.

मामांचं म्हणणं असं की एका मोठ्या शहरातली अकॅडमी वर्षाला साडेतीन लाख मागतीय, राहणं-खाणं त्यात, कर्ज काढू पण घालू, कारण एवढी उंची देव सगळ्यांना देत नाही. आणि त्यांनी सतनाम सिंगचं नाव घेतलं. ते नाव येणार हे मला माहीत होतं, प्रत्येक वेळी येतं.

सतनामची गोष्ट अर्धीच सांगितली जाते. पंजाबातल्या एका खेड्यातला शेतकऱ्याचा पोरगा, लुधियानाच्या अकॅडमीत घडला, 2010 मध्ये अमेरिकेला गेला, 2015 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या मोठ्या लीगच्या, एनबीएच्या टीम नवे खेळाडू निवडतात त्यात, 52 व्या नंबरवर डल्लासच्या टीमनी घेतला. भारतात जन्मून एनबीएच्या ड्राफ्टमध्ये निवडला गेलेला पहिलाच, उंची 7 फूट 2 इंच. इथपर्यंत सगळ्यांना पाठ. पण तो एनबीएचा एकही सीझनचा सामना खेळला नाही, खालच्या लीगमध्ये खेळला आणि नंतर कुस्तीच्या शोकडे वळला, हे मामांना माहीत नव्हतं. मजा बघा, त्याचा ड्राफ्ट झाला त्याच जूनमध्ये एनबीएची वॉरियर्स टीम फायनलमध्ये 1-2 नी मागं होती, तर त्यांनी आपला 7 फुटी सेंटर सुरुवातीच्या पाचातून काढला, 6 फूट 6 इंचाच्या ड्रेमंड ग्रीनला सेंटरला उभा केला आणि पुढचे तिन्ही सामने जिंकून ट्रॉफी नेली. माझ्या केबिनमध्ये बसलेल्या पोरापेक्षा एक इंचानी बुटका माणूस, आणि जगातल्या सगळ्यात मोठ्या लीगच्या फायनलमध्ये सेंटर! मामा म्हणाले मग तर आपला नक्कीच चालंल की. म्हणलं थांबा जरा, ग्रीन उंचीमुळं नाही खेळला, तो बॉल पुढं नेणाऱ्या चपळ पॉइंट गार्डला पण अडवू शकतो आणि सेंटरला पण, म्हणून खेळला.

मी काही निवड समितीत नाही. कॉलेजला गार्ड खेळायचे, 5 फूट 2 इंच, त्यामुळं उंच पोरांच्या कोपरानी नाक सुजलेलं आठवतंय, तेवढाच माझा अनुभव. पण मी एक गोष्ट करू शकते, नुसतं केबिनमध्ये बसून बोलण्यापेक्षा पोराला खेळताना बघू शकते. म्हणलं, या रविवारी सकाळी येते, फक्त एक करा, समोर त्याच्या वयाची पोरं नकोत, एखादा तगडा माणूस आणा. ओळखीतले एक रेल्वेवाले काका आहेत, चाळिशी ओलांडलेली, 6 फूट 3 इंच, पोट थोडं सुटलंय, पण एकेकाळी डिपार्टमेंटच्या टीमकडून खेळलेले. त्यांना म्हणलं दुसऱ्या हाफला उतरा.

सकाळी सात वाजता गेले तरी सिमेंटचा कोर्ट तापायला लागलेला. जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागं मी रेघा मारत बसले. पहिल्या हाफला कॉलेजच्या पोरांसमोर आमच्या पठ्ठ्यानी 16 पॉइंट केले, त्यातले 14 रिंगखाली उभं राहून, हात वर, बॉल हातात, टाकला आत. उडी मारावी लागली नाही त्याला. मामा बाजूला शिट्ट्या मारायलेत.

मग काका उतरले. आणि पहिल्याच वेळी काय केलं, रिंगखाली आलेच नाहीत. थ्री पॉइंटच्या रेषेवर जाऊन उभे राहिले, 6.75 मीटर लांब. आता पोरानी काय करावं? बाहेर गेला तर मागं रिंग उघडी, नाही गेला तर काका निवांत शॉट मारणार. तो मधेच उभा राहिला, ना इकडं ना तिकडं, आणि काकांनी टाकला. पुढच्या वेळी तो धावत बाहेर गेला तर काकांनी फक्त खांदा हलवला, बॉल खाली टाकला आणि बाजूनी निघून गेले, चाळिशीचा माणूस, पळत पण नव्हता, नुसता चालत गेला म्हणा. पोराचे पाय क्रॉस झाले. बचाव करताना पाय एकमेकांवरून नाही न्यायचे, घसरत न्यायचे असतात, हे त्याला कुणी कधी शिकवलंच नव्हतं. कारण गरजच पडली नव्हती. गार्डला स्क्रीन लावून, म्हणजे त्याला अडवणाऱ्याच्या वाटेत उभं राहून, काकांनी 9 वेळा त्याला बाहेर ओढला, 7 वेळा बॉल त्याला ओलांडून गेला. रिबाउंडला, म्हणजे हुकलेला बॉल पकडताना, तर काका उडीच मारत नव्हते, आधी कंबर लावून त्याला मागं रेटायचे आणि मग बॉल खाली यायची वाट बघायचे. दुसऱ्या हाफचे पॉइंट 4, रिबाउंड 2.

इथं नियमांचा एक बारकावा आहे तो आईबापांना कुणी सांगत नाही. आपल्याकडं फिबाचे, म्हणजे आंतरराष्ट्रीय संघटनेचे नियम, त्यात बचाव करणारा सेंटर रिंगखाली पाहिजे तितका वेळ उभा राहू शकतो. एनबीएत तसं नाही चालत, समोर कुणी नसताना 3 सेकंदाच्या वर रिंगखालच्या पट्ट्यात राहिलं की फाउल. म्हणजे शाळा-कॉलेजच्या लेव्हलला मंद पाय लपून जातात, उंच पोरगं खांबासारखं उभं केलं की काम भागतं, कोच पण खूश, जिल्हा पण जिंकतो. वर गेलं की लपायला जागाच राहत नाही आणि तिथं सगळेच उंच.

पण त्या कॅलेंडरवर मी अजून एक रकाना केला होता, पासचा. दुसऱ्या हाफला पोरानी 5 पास असे दिले की समोरच्याला फक्त आत टाकायचं होतं. एक तर मला अजून दिसतो. फ्री थ्रोच्या रेषेपाशी बॉल मिळाला, रिंगकडं पाठ, अंगावर काका, आणि यानी मान न वळवता डाव्या हातानी टप्पा देऊन दोघांच्या मधून बॉल काढला, आत धावणाऱ्या बारक्या पोराच्या बरोबर हातात. काका थांबले आणि म्हणाले, "का बे, हे कुठं शिकलास?" पोरगं लाजलं. दिवसभरात पहिल्यांदा हसलं.

नंतर त्याला एकट्याला बोलावलं. पहिली वीस मिनिटं हो-नाहीच्या पुढं गाडी जाईना. मग मी त्या पासबद्दल विचारलं आणि धरणाचं दार उघडावं तसा बोलायला लागला. तेराव्या वर्षी शाळेत सरांनी लाइन लावली, सगळ्यात उंच म्हणून याला सेंटर केलं, त्या दिवसापासून बॉल ड्रिबल केला की ओरडा, "तू फक्त खाली उभा राहा." चार वर्षं. वर्गात उंट, गल्लीत खांब, रिक्षावाले विचारतात वरचं हवामान कसंय. घरी लग्नाकार्यात नातेवाईक पाठीला पाठ लावून उंची मोजणार आणि मग तेच, आता मोठा खेळाडू होणार. "मॅडम, मला खेळ आवडतो, पण मला कुणी विचारलं नाही की कसा खेळायचाय." मोबाईलमध्ये योकिचचे व्हिडिओ भरलेले. योकिच म्हणजे डेन्व्हरचा सर्बियन सेंटर, 2014 ला 41 व्या नंबरवर घेतलेला, उडी बेताची, वेग बेताचा, आणि तीन वेळा एमव्हीपी, म्हणजे सीझनचा सगळ्यात भारी खेळाडू, कारण त्याला बॉल कुठं जाणार ते इतरांच्या आधी दिसतं. मी लगेच हातभर आशा लावली नाही हां. योकिचचे व्हिडिओ बघणारी लाखो पोरं आहेत. पण पोराला स्वतःचं काय आवडतं हे नेमकं सांगता येतंय, माझ्यासाठी त्या दिवशी हे 16 पॉइंटपेक्षा मोठं होतं.

मग सगळ्यांना एकत्र बसवलं. वडील तोपर्यंत एक शब्द बोलले नव्हते, त्यांनी थेट विचारलं, "मॅडम, होईल का नाही तेवढं सांगा." असा प्रश्न आला की बरेच समुपदेशक गोल गोल बोलतात, मला ते पटत नाही. म्हणलं, आज जसा खेळतो तसा, नाही. एनबीएचं तर सोडाच, तिथं 30 टीम, जगभरातून मिळून साडेचारशेच्या आसपास पक्क्या जागा. आपल्या देशात खेळावर पोट भरणं म्हणजे अजून बहुतेक करून नोकरीच, रेल्वे, सैन्यदलांची सर्व्हिसेस, ओएनजीसी, बँका, पोलीस, यांच्या टीम. खाजगी लीग आत्ता 2022 पासून कुठं जीव धरायला लागलीय. राज्य सरकारच्या नोकरीत खेळाडूंना 5 टक्के समांतर आरक्षण आहे, पण त्याला शिक्षणाची अट असते आणि प्रमाणपत्राची पडताळणी असते, बारावी सोडलेल्या पोरासमोर अर्धी दारं आधीच बंद. आणि सेंटरच्या जागेला तिथं याच्या इतकीच उंच किंवा चार इंच जास्त उंच पोरं पंजाबातून येतात. याला त्यांच्याशी उंचीवर भांडायचं नाहीचे, पायावर आणि पासवर भांडायचंय.

मामा तडकले. म्हणाले तुम्ही पोराचे पंख कापायलाय. मी त्यांना राग येऊ दिला, त्यांचाच एकट्याचा त्या पोरावर चार वर्षं विश्वास होता, सामन्याला सामन्याला जाणारे तेच, त्यामुळं त्यांचं दुखणं खरं होतं. फक्त एवढंच म्हणलं की साडेतीन लाख भरायच्या आधी त्या अकॅडमीला एक विचारा, याला कुठल्या जागेवर खेळवणार. मामांनी तिथल्या तिथं फोन लावला, स्पीकरवर. उत्तर आलं, "एवढी हाइट आहे म्हणल्यावर रिंगखालीच ना." पोरानी खाली बघितलं. मामांनी फोन ठेवला आणि पाणी मागितलं.

अम्माचा प्रश्न वेगळाच होता, रात्री गुडघे दुखतात म्हणून रडतो तर तेल लावू का. हे मला कुणीच आधी सांगितलं नव्हतं. भरभर वाढणाऱ्या पोरांत गुडघ्याच्या खालच्या हाडाशी दुखणं कॉमन आहे, पण डॉक्टरला दाखवल्याशिवाय उड्या वाढवायच्या नाहीत. मनगटाचा एक्सरे काढला की हाडाचं वय कळतं, वाढ किती उरलीय याचा अंदाज येतो. आणि एक तपासणी मी फार उंच, बारीक, लांब बोटांच्या पोरांना आवर्जून करायला लावते, हृदयाची इको. मार्फन नावाचा एक आजार असतो, त्यात उंची मिळते पण हृदयातून निघणारी मुख्य रक्तवाहिनी कमजोर असते. अमेरिकेत 2014 ला आयझेया ऑस्टिन नावाच्या 7 फुटी पोराचा हा आजार ड्राफ्टच्या अगदी तोंडावर तपासणीत सापडला. घाबरवायला नाही सांगत, एका सकाळचं काम आहे, करून टाका. आमच्या पोराची इको नॉर्मल आली, हाडाची वाढ जवळपास संपत आलीय असं निघालं. म्हणजे सहा-सात हाच आकडा, सात फुटाची वाट बघत बसायचं कारण संपलं. खरं सांगू, पोराला याचा आनंदच झाला.

ठरलं ते असं की बारावी पूर्ण करायची, अकॅडमीचं कर्ज नाही. आठवड्यातून दोनदा काका त्याला बाहेरच्या रेषेवर खेळवणार, रिंगखाली उभं राहायला बंदी. रोज घरी दहा मिनिटं पाय घसरवत न्यायचा सराव, गल्लीत, लोक हसले तर हसू देत. दर तीन महिन्यांनी तोच कॅलेंडरचा तक्ता, काकांसमोर, आणि रेघा मामांनी मारायच्या. हे शेवटचं मुद्दाम ठेवलं.

पहिले तीन महिने वाईट गेले. पॉइंट घटले, कॉलेजच्या टीममध्ये कोच चिडला, एकदा पोरगं कोर्टवरून निघून घरी आलं आणि दोन दिवस बोललं नाही. वडिलांनी त्याला काही विचारलं नाही, कारखान्यातून येताना 13 नंबरचे बूट घेऊन आले, नव्या पेठेत मिळत नाहीत म्हणून कुणाकडून तरी मागवलेले, आणि कॉटपाशी ठेवले. हे मला अम्माकडून कळलं.

सहा महिन्यांनी राज्याच्या निवडीला गेला, पहिल्या यादीत नाव नाही आलं. फोन त्यानी स्वतः केला, मामांनी नाही. मला वाटलं आता समजूत काढावी लागणार, मी शब्द जुळवत होते, तर हाच म्हणतोय, "ते जाऊ द्या मॅडम, स्क्रीनवर काका 9 पैकी 4 वेळाच गेले या वेळी. मामांनी 5 लिहिलंय, पण ते चुकलेत, एकदा काकांनी ट्रॅव्हल केलेली, बॉल न आपटताच चालले. रविवारी तुम्हीच या मोजायला."