साउंड कार्ड घ्यायच्या आधी एकदा चार्जर काढून बघा

या वेळी घरच्या रेकॉर्डिंगचेच प्रश्न एकत्र घेतले आहेत.

प्रश्न: नमस्कार भाऊ, आमचं भजनी मंडळ आहे, लॅपटॉपवर रेकॉर्डिंग करून राहिलो. ऑनलाइन एक कंडेन्सर माइक बोलावला, सोबत आलेली वायर लॅपटॉपच्या माइकच्या होलात लावली तर आवाज एकदम बारीक येते आणि मागे सतत घूंऽऽ वाजत राहते. बर्डीवरचा दुकानदार म्हणे साउंड कार्ड गेलं, बाहेरचं घ्या. घ्यावं का, आणि कोणतं?
– एक वाचक, महाल

उत्तर: कार्ड बहुतेक ठीकच आहे. तुमच्या तक्रारी दोन आहेत आणि दोघींची कारणं वेगळी आहेत.

आधी घूंऽऽ बघू. चार्जर काढा, लॅपटॉप नुसत्या बॅटरीवर चालवा आणि मिनिटभर रेकॉर्ड करा. घूं गेलं तर ते विजेचं आहे, आपली वीज ५० हर्ट्झची, तोच आवाज किंवा त्याची दुप्पट चार्जरमधून माइकच्या लाइनीत शिरते. टू-पिन चार्जर असेल किंवा प्लगला अर्थिंगच नसेल तर हे हमखास होतं, आणि अशा वेळी नवीन कार्ड घेतलं तरी घूं राहू शकतं, कारण ते कार्डही यूएसबीतून त्याच लॅपटॉपची वीज घेतं. तेव्हा पहिले इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या. कोणी सांगेल की प्लगची तिसरी पिन काढून टाका, आवाज जाते. कृपा करून असं करू नका, ती पिन जीव वाचवायसाठी आहे.

आता बारीक आवाज. स्टुडिओ टाइपच्या कंडेन्सर माइकला ४८ व्होल्ट फँटम पॉवर (माइकच्याच वायरमधून माइकला मिळणारी वीज) लागते आणि लॅपटॉपच्या होलातून मिळतात जेमतेम दोन ते पाच व्होल्ट, तेही हेडसेटच्या छोट्या माइकसाठी. माइक उपाशी आहे म्हणून आवाज बारीक. तो सॉफ्टवेअरमधून वाढवला की सोबत खरखर पण वाढते.

म्हणजे बाहेरचं कार्ड तुम्हाला लागेल, पण दुकानदाराने सांगितलं त्या कारणासाठी नाही. यूएसबीचं ऑडिओ इंटरफेस (माइक आणि लॅपटॉपच्या मधे लावायचा बाहेरचा डबा) घ्या आणि घेताना तीनच गोष्टी बघा: एक्सएलआरचं (स्टुडिओ माइकच्या तीन पिनांच्या वायरचं) होल, ४८ व्होल्टचं बटन आणि कंपनीचा स्वतःचा आसिओ ड्रायव्हर (आवाज विंडोजला वळसा घालून सरळ रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये नेणारा प्रोग्राम). पेन ड्राइव्हएवढं कार्ड मिळतं ते या कामाचं नाही, त्यात फँटम नसते. फोकसराइटच्या स्कारलेट सोलोत एकच माइक लागतो, गायक आणि पेटी वेगवेगळ्या माइकवर घ्यायची असेल तर २आय२ बघा. बेहरिंगरचा यूएमसी२२ स्वस्त पडतो, पण त्याला स्वतःचा आसिओ ड्रायव्हर नाही, आसिओफॉरऑल हा कोणत्याही कार्डासाठीचा ड्रायव्हर टाकून काम भागवावं लागतं. डब्यावर १९२ किलोहर्ट्झ (सेकंदाला आवाजाचे किती नमुने, म्हणजे सॅम्पल, घेतो तो आकडा) लिहिलंय म्हणून जास्तीचे पैसे अजिबात देऊ नका, भजनाला ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिट भरपूर झालं. गेन (माइकचा आवाज वाढवायचं बटन) इतकाच ठेवा की सगळ्यात जोरात गाताना मीटर उणे १२ डेसिबलच्या आसपास जाईल, लाल लागला की तो आवाज फाटला, मागून नीट होत नाही.

प्रश्न: मी शास्त्रीय शिकते. फोनवर तानपुऱ्याचं ॲप लावून लॅपटॉपच्या माइकवर रियाज रेकॉर्ड करते तर पहिले काही सेकंद तानपुरा ऐकू येतो मग विरूनच जातो, लांब षड्ज लावला तर माझा आवाजही मध्ये बसतो. माइक बदलू का?
– एक वाचक, धरमपेठ

उत्तर: काहीही बदलू नका ताई, पैसे ठेवा. हे लॅपटॉपमधलं नॉइज सप्रेशन करतंय. ते ऑनलाइन मीटिंगसाठी बनवलेलं आहे, त्याला वाटतं माणसाचं बोलणं तुटक असतं आणि जे एकसारखं वाजतं ते पंखा किंवा एसी, म्हणून ते दाबून टाकतं. आता आपलं सगळं संगीतच अखंड सुरावर उभं आहे, तानपुरा काय, पेटीचा धरलेला सूर काय, त्याच्या लेखी सगळा पंखाच! मला या गोष्टीचा फार त्रास होतो, कारण किती शिकणारी मुलं आपलाच सूर टिकत नाही असं समजत असतील.

विंडोजच्या साउंड सेटिंगमध्ये माइकच्या प्रॉपर्टीजमध्ये जा, ऑडिओ एन्हान्समेंट्स ऑफ करा. लॅपटॉप कंपनीचं वेगळं ऑडिओ ॲप असेल तर त्यातही नॉइज कॅन्सलेशन बंद करा, हे लोक नेहमी विसरतात. पुढे कधी इंटरफेस घेतलाच आणि आसिओवर रेकॉर्ड केलं तर विंडोजची ही प्रक्रिया मधून निघूनच जाते.

प्रश्न: यूएसबी इंटरफेस घेतला, गिटार वाजवली की हेडफोनमध्ये उशिरा ऐकू येते. पीस खराब आला का?
– एक विद्यार्थी, प्रतापनगर

उत्तर: नाही, बफर मोठा आहे. कॉम्प्युटर आवाज तुकड्यातुकड्याने घेतो, त्या तुकड्याचा आकार म्हणजे बफर. ४४.१ किलोहर्ट्झवर १०२४ सॅम्पलचा बफर म्हणजे २३ मिलिसेकंद, ते पण एका बाजूचे, परत येताना तेवढेच अजून. १२८ वर आणलं की एका बाजूला तीनच्या आत. आवाज तडतडायला लागला तर २५६ करा, रेकॉर्डिंगपुरतं वायफाय बंद ठेवा, आणि यूएसबी हबमध्ये न लावता सरळ लॅपटॉपला लावा. नुसती स्वच्छ गिटार ऐकायची असेल तर इंटरफेसवरचं डायरेक्ट मॉनिटर दाबा, मग आवाज कॉम्प्युटरमध्ये जाऊन परत येतच नाही. मिक्सिंगच्या वेळी बफर परत १०२४, तेव्हा उशीर झाला तरी फरक पडत नाही.

प्रश्न: जुन्या कॅबिनेटमधलं पीसीआय साउंड कार्ड नवीन कॉम्प्युटरला चालेल का?

उत्तर: नाही. नवीन बोर्डवर पीसीआय एक्स्प्रेसचे स्लॉट असतात, जुनं पीसीआय कार्ड त्यात बसतच नाही.

प्रश्न: मे महिन्यात कूलर बंद करून गाणं शक्य नाही. कूलरचा आवाज न घेणारं कार्ड मिळते का?
– एक वाचक, मानेवाडा

उत्तर: असं कार्ड नाही, माइक जे ऐकतो तेच कार्ड आत घेतं. कंडेन्सर तर कूलर अजूनच बारकाईने ऐकतो, म्हणून नागपूरच्या उन्हाळ्यात मी डायनॅमिक माइकच (जो लांबचे बारीक आवाज कमी घेतो) सुचवीन, शुअरचा एसएम५८ घ्या, १९६६ पासून चालत आलेला आहे आणि त्याला ४८ व्होल्टही लागत नाहीत. तोंडापासून चार बोटांवर धरा आणि माइकची पाठ कूलरकडे करा, कारण तो मागचा आवाज सगळ्यात कमी घेतो. हवेचा झोत माइकवर येऊ देऊ नका, फोमची टोपी लावा. शक्य असेल तर सकाळी सहाच्या आधी गा, तेव्हा कूलर पाच मिनिटं बंद ठेवता येतो, आणि सुरुवातीला दहा सेकंद काहीच न गाता रेकॉर्ड करा म्हणजे ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमधल्या नॉइज रिडक्शनला खोलीच्या आवाजाचा नमुना मिळेल. सहा डेसिबलपासून सुरू करा, जास्त लावलं तर गळा पाण्याखालून आल्यासारखा लागतो.