वसंत संपून उन्हाळा लागतो तेव्हा पुणे जिल्ह्यातल्या भिगवणजवळ उजनीच्या पाण्यात काय बदलतं? पक्षी बघायला मार्चमध्ये जावं की मेमध्ये?

सगळ्यात मोठा बदल पाण्याच्या पातळीचा. उजनी हे भीमेवरचं धरण. कालव्यांना आणि नदीत पाणी सुटत राहतं, त्यात ऊन वाढतं, आणि काठ दिवसागणिक मागे सरकतो. फेब्रुवारीत जिथे होडी चालायची, तिथे एप्रिलमध्ये भेगाळलेला गाळ असतो.

पण हा उघडा पडलेला भाग ओसाड नसतो. उथळ पाण्यातला चिखल म्हणजे रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्यांचं ताट! चोच उलटी धरून ते पाणी गाळतात आणि त्यातले बारीक जीव, शेवाळ खातात. म्हणून थंडीतले पट्टकादंब हंस मार्चच्या सुमारास हिमालयापलीकडे निघून गेले, तरी रोहित पुढेही दिसत राहतात. उघड्या पडलेल्या बेटांवर नदी सुरय (रिव्हर टर्न) हे पक्षी वाळूतच अंडी घालतात. अंडी मातीच्या रंगाची असतात, सहज पायाखाली येतात. कृपा करून फोटोसाठी त्या बेटांवर उतरू नका. भर उन्हात आईबाप अंड्यांवरून उठले तर अंडी तापून खराब होऊ शकतात.

पाणी फारच खाली गेलं तर पळसदेवचं जुनं पळसनाथ मंदिर वर येतं. काही शेतकरी मोकळ्या जमिनीत गाळपेर, म्हणजे ओल्या गाळात पेरणीही करतात.

माझं मत मार्चचं, पहाटेच्या होडीचं. मेमध्ये गेलात तर नऊच्या आत काठावर परत या.