शिबिराचा इतिहास लिहायला घेण्यापूर्वी

प्रिय मुली,

सप्रेम आशीर्वाद.

आपल्या निसर्गशिबिराचा इतिहास लिहिण्याचे काम तू अंगावर घेतलेस, हे कळल्यापासून मला फार बरे वाटत आहे. तू पाठवलेला आराखडा दोनदा वाचला. संस्थापक कोण, पहिले शिबिर केव्हा भरले, मुलांची संख्या कशी वाढत गेली, तंबूंच्या जागी खोल्या कधी आल्या, अशी त्याची मांडणी आहे. ही माहिती लागेलच; पण तेवढ्यावर थांबलीस तर तो कोणत्याही वसतिगृहाचा इतिहास होईल. आपल्या शिबिराच्या नावातच निसर्ग आहे, तेव्हा आधी हे शोध की, येणारी मुले आणि ते रान यांचा संबंध वर्षागणिक कसा बदलत गेला. बाकीच्या सगळ्या गोष्टी याच प्रश्नाच्या आधाराने लाव.

असे मी का म्हणते, हे कळण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. १८६१ मध्ये अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यात फ्रेडरिक गन आणि त्यांच्या पत्नी अबिगेल मुलांची निवासी शाळा चालवत होते. तेथील यादवी युद्ध नुकतेच पेटले होते आणि शाळेतल्या मुलांना सैनिकांसारखे उघड्यावर राहण्याची ओढ लागली होती. तेव्हा गन दांपत्य सगळ्या मुलांना घेऊन सुमारे ४० मैल चालत समुद्रकाठच्या मिलफर्डला गेले आणि दोन आठवडे तेथे मुक्कामाला राहिले. संघटित उन्हाळी शिबिरांची सुरुवात बहुधा येथूनच धरली जाते. (पुष्कळ ठिकाणी श्रेय एकट्या फ्रेडरिक गन यांना दिलेले आढळते. आपल्या संस्थापकांविषयी लिहिताना त्यांच्या बरोबरीने राबलेल्या माणसांची नावे तू आवर्जून शोधावीस, असे मला मनापासून वाटते.) पुढे १८८१ मध्ये अर्नेस्ट बाल्च या तरुणाने न्यू हॅम्पशायरमधील स्क्वॉम सरोवरातल्या एका बेटावर चोकोरुआ नावाचे शिबिर सुरू केले. श्रीमंत घरांतली मुले सुटीत हॉटेलांमध्ये आळसावून जातात, ही त्याची तळमळ होती. म्हणून त्याच्या शिबिरात नोकर नव्हते, स्वयंपाकापासून भांडी घासण्यापर्यंत सारे मुलांनीच करायचे. १८८९ पर्यंत ते चालले.

या दोन्ही ठिकाणी मुले निसर्गात राहत होती हे खरे, पण एका ठिकाणी त्यांना शिपाईगिरीची हौस भागवायची होती आणि दुसऱ्या ठिकाणी कष्टाची सवय लावून घ्यायची होती. निसर्ग ही शिबिराची जागा होती. तो शिबिराचा विषय अजून झाला नव्हता. तो विषय कसा झाला, हे अर्नेस्ट थॉम्प्सन सीटन यांच्या उदाहरणात चांगले दिसते. ते निसर्ग अभ्यासक आणि चित्रकार होते. कनेक्टिकटमधील कॉस कॉब येथील त्यांच्या जागेत आसपासच्या मुलांनी नासधूस केली, तेव्हा १९०२ मध्ये त्यांनी त्याच मुलांना आपल्याकडे मुक्कामाला बोलावले आणि रानात वावरायला, प्राण्यांचे माग ओळखायला शिकवले. त्यातून त्यांची वुडक्राफ्ट चळवळ उभी राहिली. त्याच वर्षी लॉरा मॅटून यांनी न्यू हॅम्पशायरमध्ये मुलींसाठी शिबिर सुरू केले. स्काउट चळवळीचे संस्थापक बेडन-पॉवेल यांचे इंग्लंडमधील ब्राउनसी बेटावरील प्रसिद्ध शिबिर त्यानंतरचे, १९०७ चे. सुमारे २० मुलांचे, आणि त्यांत वरच्या वर्गातली व कामगारांची मुले एकत्र ठेवलेली.

सीटन यांच्याबद्दल मला नितांत आदर आहे, तरीही त्यांची दुसरी बाजू सांगितल्याशिवाय राहवत नाही. अमेरिकेतील मूळ रहिवाशांची नावे, पोशाख आणि विधी त्यांनी आपल्या चळवळीत घेतले आणि पुढे कितीतरी शिबिरांनी ते पिढ्यान्‌पिढ्या गिरवले. ज्यांचे ते विधी होते, त्यांना शिबिरात स्थान नव्हते. अलीकडच्या काळात अनेक शिबिरांनी हे प्रकार बंद केले. इतिहास लिहिताना अशा गोष्टी झाकायच्या नसतात, आणि आजच्या शहाणपणाच्या जोरावर मागच्या माणसांना झोडपायचेही नसते. काय केले, का केले आणि केव्हा सोडले, एवढे नेमके लिहिले की वाचणारा आपले मत करतो.

आता आपल्या शिबिराकडे वळते. तुझ्या आराखड्यात मुलांच्या निसर्गनोंदींच्या वह्या सर्वांत शेवटी, परिशिष्टात टाकल्या आहेत. त्या पुढे आण. पहिल्या वर्षाची वही उघडलीस तर मुलांनी पट्टीने रेघा ओढून तीन रकाने केलेले दिसतील: तारीख, नाव आणि ‘जमवलेले’. त्या रकान्यात फुलपाखरे आहेत, भुंगे आहेत, एके ठिकाणी घरट्यातून काढलेली दोन अंडीही आहेत. त्या काळी निसर्गाचा अभ्यास म्हणजे पकडणे, टाचणीने टोचणे आणि पेटीत लावणे असेच मुलांना शिकवले जाई, आणि तसे शिकवणाऱ्यांमध्ये मीही होते. चौथ्या वर्षाच्या वहीत पहिली चार पाने ‘जमवलेले’ असा रकाना आहे. पाचव्या पानावर तो शब्द खोडून कोणीतरी ‘पाहिलेले’ असे लिहिले आहे. अक्षर मुलाचे आहे. त्याला ते कोणी सांगितले, की त्यानेच ठरवले, याचा शोध घेशील तर आपल्या शिबिराच्या इतिहासातले सर्वांत महत्त्वाचे प्रकरण तुझ्या हाती लागेल, असे मी खात्रीने म्हणते. पाण्याची टाकी कोणत्या वर्षी बसवली, हे त्यामानाने एका ओळीत आटपेल.

त्याच वहीत पुढे एक नोंद आहे, ती मला तोंडपाठ आहे: ‘सुतारपक्षी दिसला नाही. नुसता ऐकला.’ त्या मुलाला पाहिल्याचे खोटेच लिहिता आले असते, कारण त्याच्या गटातल्या इतरांनी पक्षी पाहिला होता. तू मुलाखती घेशील तेव्हा हीच शिस्त पाळ. एखादा जुना शिबिरार्थी म्हणेल, आमच्या वेळी ओढा बाराही महिने वाहायचा. तो फक्त उन्हाळ्यातल्या दहा दिवसांचा साक्षीदार आहे. तेव्हा त्या दहा दिवसांत ओढा वाहत होता, एवढेच त्याच्या नावावर लिही. शेकोटीची आठवण प्रत्येक जण सांगेल आणि ती सगळ्यांची सारखीच निघेल. त्याऐवजी पाणी आणायला कोणत्या वाटेने जात होतात, वाटेत सावली कुठे मिळे, रात्री कसले आवाज येत, हे विचार. अशा प्रश्नांनी माणूस थबकतो, डोळे मिटून आठवू लागतो आणि मग जे सांगतो ते कोणत्याच अहवालात सापडत नाही.

मुलांच्या नोंदींवर किती भरवसा ठेवावा, असे तू विचारले आहेस. नोंद साधी असली तरी तारीख आणि जागा पक्की असेल, तर ती अनपेक्षितपणे कामाला येते. अमेरिकन लेखक हेन्री डेव्हिड थोरो यांनी १८५२ ते १८५८ या काळात आपल्या कॉन्कॉर्ड गावाच्या परिसरात कोणते झाड कधी फुलले, हे टिपून ठेवले होते. सुमारे दीडशे वर्षांनी जीवशास्त्रज्ञ रिचर्ड प्रिमॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या नोंदी आजच्या नोंदींशी ताडून पाहिल्या, तेव्हा तेथील झाडे सरासरीने आठवडाभर लवकर फुलत असल्याचे दिसले. थोरो यांनी ते हवामानबदल मोजण्यासाठी लिहिले नव्हते. आपल्या मुलांनीही ओढ्याची खोली काठीने मोजून लिहिली आहे, आणि ती काठी दरवर्षी त्याच खडकापाशी रोवली आहे. त्या आकड्यांचा एक तक्ता कर आणि मुख्य मजकुरातच घाल.

वह्यांच्या दोन पेट्या पुढच्या आठवड्यात तुझ्याकडे पोहोचतील. उघडल्यावर त्या उन्हात ठेवू नकोस, सावलीत वारा लागेल अशा ठेव. पानांत दाबलेली फुले आहेत, ती काढू नकोस. प्रत्येक वहीवर पेन्सिलीने क्रमांक घाल आणि वाचायला बसण्याआधी पानांची छायाचित्रे काढून घे. मुलांची नावे छापण्यापूर्वी मात्र ज्याची त्याची परवानगी घ्यायला विसरू नकोस; ती आता मोठी माणसे आहेत. सातव्या वर्षाची वही तुला सापडणार नाही. त्या वर्षी रात्रीच्या वादळात सामानाचा तंबू कोसळला, वही भिजून तिचा लगदा झाला, आणि घरी परतल्यावर आठवून लिहून काढू असे ठरवूनही माझ्याकडून ते झाले नाही. माझ्या आठवणीवरून ती जागा भरू नकोस. वर वर्ष लिही, खाली वादळाची एवढी हकिकत दे, आणि ओढ्याच्या तक्त्यात त्या वर्षाचा रकाना रिकामा राहू दे.

तुझी,
ताई